आरोपी परदेशात, तक्रार ठाण्यात : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात 'डिजिटल अरेस्ट'विषयी लेख आला होता. त्यानंतर ठाणे आणि नवी मुंबईतून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच बाबीकडे आहे : गुन्हेगार देशाबाहेर असेल तर इथले पोलिस नेमके काय करू शकतात? काही पत्रांत खाजगी तपशील असल्यामुळे प्रश्नकर्त्यांची नावे छापलेली नाहीत आणि लांबलेले प्रश्न संक्षेपाने दिले आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. सीबीआयचा अधिकारी असल्याची बतावणी करणाऱ्या माणसाने मला व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवले आणि मुदत ठेवी मोडायला लावल्या. पोलिसांनी गुन्हा नोंदवला आहे, पण टोळी कंबोडियात असावी असे ते म्हणतात. मग इंटरपोलला सांगून त्या लोकांना पकडून का आणत नाहीत? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : आपल्या पत्रात अपराधीपणाची भावना जाणवते, म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट असा काही प्रकारच नाही. व्हिडिओ कॉलवरून कोणाला अटकेत ठेवण्याचा अधिकार कोणत्याही यंत्रणेला नाही, आणि आपल्या हातून कोणताही गुन्हा घडलेला नाही.

इंटरपोलविषयी आपल्याकडे जी समजूत आहे ती बरीचशी चित्रपटांतून आलेली आहे. फ्रान्समधील लिऑन येथे मुख्यालय असलेली ही संघटना 196 देशांच्या पोलिस दलांना एकमेकांशी जोडते. ती स्वतः कोणाच्या घरी जाऊन बेड्या घालत नाही, कारण कोणत्याही देशाने आपल्या भूमीवर अटक करण्याचा अधिकार तिला दिलेला नाही. प्रत्येक देशात तिचा एक राष्ट्रीय केंद्रीय विभाग असतो आणि भारतात ते काम सीबीआय पाहते. म्हणजे आपल्या पोलिस ठाण्यातील तपास अधिकाऱ्याला कंबोडियातील एखाद्या फोन क्रमांकाची किंवा व्यक्तीची माहिती हवी असेल, तर ती मागणी वरिष्ठांमार्फत दिल्लीला सीबीआयकडे आणि तिथून त्या देशाच्या विभागाकडे जाते. हा प्रवास पूर्वी पत्रव्यवहाराने होत असे. जानेवारी 2025 मध्ये 'भारतपोल' हे पोर्टल सुरू झाल्यापासून राज्यांच्या पोलिसांना आपली मागणी त्यावरून थेट सीबीआयकडे पाठवता येते, त्यामुळे देशातल्या देशात जाणारा वेळ तरी वाचतो.

तथापि या मार्गाने मिळते ती माहिती. न्यायालयात टिकेल असा पुरावा नव्हे. पुराव्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 112 खाली न्यायालयाकडून परदेशातील सक्षम अधिकाऱ्याला विनंतीपत्र पाठवावे लागते, किंवा त्या देशाशी परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार असेल तर त्याखाली गृह मंत्रालयामार्फत मागणी करावी लागते. पत्राचे भाषांतर होते, तिकडचे विधी खाते ते तपासते आणि ज्या कृत्याबद्दल मदत मागितली आहे ते त्या देशाच्या कायद्यातही गुन्हा ठरते का, हे बहुधा पाहते. यात महिने जातात, कधी वर्षे जातात. फसवणुकीची रक्कम मात्र काही मिनिटांत पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात पोहोचते. ही खाती बहुतेकदा भारतातल्याच माणसांनी चार पैशांच्या मोबदल्यात वापरायला दिलेली असतात, आणि तिथून पैसा आभासी चलनात बदलून देशाबाहेर जातो. हा वेगाचा फरकच या टोळ्यांचे खरे भांडवल आहे, असे माझे मत आहे.

म्हणूनच परदेशी टोळीविरुद्धच्या लढाईतील सर्वांत परिणामकारक पाऊल आश्चर्य वाटेल इतके स्थानिक आहे. फसवणूक लक्षात येताच 1930 या क्रमांकावर कळवले, तर बँकांना जोडलेल्या यंत्रणेतून रक्कम ज्या खात्यात असेल तिथे रोखता येते. आपण किती वेळाने कळवले हे पत्रात नाही, परंतु जी काही रक्कम रोखली गेली असेल तिचा तपशील तपास अधिकाऱ्याकडून लेखी मागा आणि ती परत मिळावी म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात अर्ज करा. आरोपी सापडेपर्यंत त्यासाठी थांबण्याची गरज नाही. अनेक तक्रारदारांचा हा अर्ज करायचाच राहून जातो आणि पैसा बँकेत नुसता गोठून पडतो.

पैसा देशाबाहेर गेल्यावर सारे संपते असेही नाही, याचे एक उदाहरण देतो. जुलै 2024 मध्ये सिंगापूरच्या एका कंपनीने बनावट ईमेलला फसून सुमारे 4.23 कोटी डॉलर पूर्व तिमोरमधील खात्यात पाठवले आणि काही दिवसांनी, खऱ्या पुरवठादाराने पैसे मिळाले नाहीत असे कळवल्यावर, फसवणूक उघड झाली. सिंगापूर पोलिसांनी इंटरपोलच्या रक्कम-रोखण्याच्या यंत्रणेमार्फत तिमोरला कळवले आणि त्यातील सुमारे 3.9 कोटी डॉलर तिथेच अडवले गेले. पैसा बँकेच्या खात्यात होता आणि दोन्ही देशांचे पोलिस एकाच आठवड्यात हलले, म्हणून हे जमले. आभासी चलनात गेलेल्या रकमेबाबत अशी आशा मी आपल्याला दाखवणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1 डिसेंबर 2025 रोजी डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. निरनिराळ्या राज्यांत विखुरलेल्या तक्रारींमागची एकच टोळी शोधायला त्याचा उपयोग व्हावा. आपला गुन्हा त्यात वर्ग झाला आहे का, याची चौकशी जरूर करा.

प्रश्न : माझा भाचा रात्रपाळीच्या कॉल सेंटरमध्ये काम करतो. अमेरिकेतील लोकांना फोन करून 'तुमचा कर थकला आहे' असे सांगायचे, हे काम असल्याचे त्याने नुकतेच कबूल केले. 'अमेरिकेचा कायदा आपल्याला लागू होत नाही आणि इथे कोणाची तक्रारही नाही' असे तो म्हणतो. हे खरे आहे का? (मीरा रोड)

उत्तर : आपण मीरा रोडहून हे विचारता, याचे नवल वाटते, कारण या प्रश्नाचे उत्तर आपल्याच गावात मिळालेले आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेच्या कर खात्याचे अधिकारी असल्याचे भासवून तिथल्या नागरिकांना अटकेची भीती घालायची आणि गिफ्ट कार्डांच्या क्रमांकांच्या रूपाने पैसे उकळायचे, ही तिथली पद्धत होती. सुमारे सातशे जणांना ताब्यात घेऊन चौकशी झाली आणि सत्तर जणांना अटक झाली. त्यांतील बहुतेक जण विशीतली, लिहून दिलेला संवाद इंग्रजीत वाचणारी मुले होती. म्हातारपणाची पुंजी गमावलेल्या नौपाड्याच्या शिक्षिकेचे पत्र वर छापले आहे; भाच्याला ते वाचायला द्या, कारण त्याच्या फोनच्या दुसऱ्या टोकाला तशीच माणसे असतात.

कायद्याविषयी सांगायचे तर त्याचे दोन्ही दावे चुकीचे आहेत. फोन भारतातून केला जातो, तोतयेगिरी भारतात बसून होते, तेव्हा फसवणुकीचा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ड खालील गुन्हा इथेच घडतो. फसलेला माणूस परदेशी आहे एवढ्याने तो सौम्य होत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवायला पोलिसांना पीडिताची सही लागत नाही. खटला उभा करणे मात्र जिकिरीचे असते, हे मान्य केले पाहिजे, कारण साक्षीदार हजारो किलोमीटर दूर असतो. त्यावर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा मार्ग आहे. अमेरिकेतील साक्षीदाराचा जबाब अशा रीतीने नोंदवता येईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दिला होता, आणि अमेरिकेशी परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार 2005 पासून अमलात आहे.

आता अमेरिकेच्या कायद्याकडे येऊ. त्याच ऑक्टोबर 2016 मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने अहमदाबादेतील अशाच कॉल सेंटरांच्या जाळ्याबाबत 61 व्यक्ती व संस्थांवर आरोप ठेवले. अमेरिकेत राहून पैसे गोळा करणाऱ्या 21 जणांना जुलै 2018 मध्ये शिक्षा झाल्या, त्यांतील सर्वांत मोठी 20 वर्षांची होती. मात्र भाच्याने लक्षात ठेवावी अशी गोष्ट वेगळीच आहे. या जाळ्यातील एक आरोपी भारतात होता. 2018 मध्ये तो सिंगापूरला गेला, अमेरिकेच्या विनंतीवरून तिथे त्याला अटक झाली, पुढच्या वर्षी सिंगापूरने त्याला अमेरिकेच्या हवाली केले आणि 2020 मध्ये त्यालाही 20 वर्षांची शिक्षा झाली. आरोपपत्रात नाव असलेला माणूस आयुष्यभर आपल्या देशाबाहेर पाऊल टाकणार नाही, असे गृहीत धरून कोणी नोकरी करत असेल तर तो त्याचा प्रश्न आहे. नोकरी आजच सोडावी आणि वकिलाच्या सल्ल्याने स्वतःहून पोलिसांकडे जावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. छाप्यात सापडलेल्या मुलापेक्षा आधी येऊन माहिती देणाऱ्या मुलाची बाजू न्यायालयात निश्चितच अधिक भक्कम असते.

प्रश्न : मी विधी शाखेचा विद्यार्थी आहे. 'रेड नोटीस' निघूनही अनेक आरोपी परदेशात मोकळे दिसतात. मग तिचा उपयोग काय? (वाशी, नवी मुंबई)

उत्तर : रेड नोटीस ही अटकेची विनंती आहे, वॉरंट नव्हे. तिला किती महत्त्व द्यायचे हे प्रत्येक देश आपल्या कायद्यानुसार ठरवतो. काही देश तिच्या आधारे तात्पुरती अटक करतात, काही केवळ नजर ठेवतात. शिवाय इंटरपोलच्या घटनेचे कलम 3 राजकीय, लष्करी, धार्मिक वा वांशिक स्वरूपाच्या बाबींत पडायला संघटनेला मनाई करते, आणि आपल्याविरुद्धची नोटीस या कसोटीवर उतरत नाही असे वाटणाऱ्या व्यक्तीला संघटनेच्या स्वतंत्र आयोगाकडे दाद मागता येते. इतर रंगांच्या नोटिसाही असतात : निळी ठावठिकाण्याच्या माहितीसाठी, पिवळी हरवलेल्यांसाठी, काळी अनोळखी मृतदेहांसाठी; आणि 2025 पासून गुन्ह्यातील मालमत्तेचा माग काढण्यासाठी रुपेरी नोटीस प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आहे.

पंजाब नॅशनल बँक घोटाळ्यातील आरोपी मेहुल चोक्सी याचे प्रकरण अभ्यासासाठी उत्तम आहे. त्याच्याविरुद्धची रेड नोटीस मागे घेतली गेल्याचे मार्च 2023 मध्ये समोर आले, तेव्हा 'आता तो सुटला' असे मथळे इथे झळकले. एप्रिल 2025 मध्ये त्याला बेल्जियममध्ये अटक झाली, ती भारताने केलेल्या प्रत्यार्पणाच्या विनंतीवरून. नोटीस माणूस शोधायला उपयोगी पडते. तो आणायचा असेल तर प्रत्यार्पणाचा करार, भक्कम कागदपत्रे आणि परदेशी न्यायालयात टिकणारी मांडणी लागते. ही शेवटची बाब आपल्याकडे सर्वांत दुबळी आहे आणि विधी शाखेच्या तरुणांना त्या क्षेत्रात भरपूर काम आहे. लुकआउट सर्क्युलर, म्हणजे संशयिताला देशाबाहेर जाताना अडवण्याची सूचना, हा वेगळा प्रकार आहे. ते भारताच्या विमानतळांवर आणि बंदरांवर आपल्याच इमिग्रेशन अधिकाऱ्यांसाठी असते, त्याचा इंटरपोलशी संबंध नाही.

प्रश्न : मुलाला थायलंडमध्ये डेटा एंट्रीच्या नोकरीचा प्रस्ताव आला आहे. पगार इथल्या तिप्पट, विमानाचे तिकीट कंपनी देणार, मुलाखत फोनवरच झाली. पाठवावे का? (कळवा, ठाणे)

उत्तर : पाठवू नका. एवढ्या ठामपणे मी एरवी लिहीत नाही, परंतु आपण दिलेले तिन्ही तपशील ओळखीचे आहेत. बँकॉकला उतरलेल्या तरुणांना रस्त्याने म्यानमारच्या सीमेवर नेऊन म्यावड्डी परिसरातील कुंपणबंद वसाहतींत डांबायचे, पासपोर्ट काढून घ्यायचा आणि मारहाणीच्या धाकाने ऑनलाइन फसवणूक करून घ्यायची, हा प्रकार काही वर्षांपासून चालू आहे. कंबोडिया आणि लाओसमध्येही अशी ठिकाणे आहेत. मार्च 2025 मध्ये अशा केंद्रांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे परत आणावे लागले. अशा प्रकरणांत पीडित कोण आणि आरोपी कोण, हा प्रश्न सोपा राहत नाही. संघटित गुन्हेगारीविरोधी संयुक्त राष्ट्रांचा करार 2000 सालचा असून भारताने त्याला 2011 मध्ये मान्यता दिली. त्याला जोडलेल्या मानवी व्यापारविषयक पूरक करारानुसार फसवून नेलेल्या माणसाने आधी होकार दिला होता, ही सबब त्याला नेणाऱ्याला वापरता येत नाही. त्यामुळे परत आलेला तरुण बळी म्हणून उभा राहू शकतो, मात्र तो स्वेच्छेने तिथे राहिला नव्हता हे त्याला तपासात पटवून द्यावे लागते. म्हणून एजंटाशी झालेले सर्व संदेश जपून ठेवणे महत्त्वाचे.

मुलाला पटत नसेल तर त्याला दोन गोष्टी तपासायला सांगा. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट 1983 च्या उत्प्रवासन अधिनियमाखाली नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याची नोंद परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते. दुसरे, थायलंडमध्ये पर्यटक म्हणून मिळणाऱ्या प्रवेशावर नोकरी करता येत नाही. 'व्हिसाचे तिथे गेल्यावर बघू' असे कोणी म्हणाले, तर बोलणे तिथेच थांबवावे. एजंट कळव्याचा किंवा मुंब्र्याचा असेल तर स्थानिक पोलिस ठाण्यात माहिती द्या, कारण या साखळीतील हात घालता येण्याजोगी कडी तीच आहे.

प्रश्न : तळोजा एमआयडीसीत आमचा रसायनांचा छोटा व्यवसाय आहे. निर्यातीची एक ऑर्डर केवळ ग्वाल्हेरहून ना-हरकत प्रमाणपत्र येईना म्हणून अडली. औषधी कच्च्या मालाला अमली पदार्थांचे नियम का? (तळोजा)

उत्तर : कारण एकाच रसायनापासून खोकल्याचे औषधही होते आणि मेथॅम्फेटामाइन हा अमली पदार्थही. एप्रिल 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूर जिल्ह्यातील एका कारखान्यातून इफेड्रिनचा टनांनी मोजावा लागेल असा साठा जप्त केला, तेव्हा ही बाब आपल्या भागात प्रथमच मोठ्या प्रमाणावर चर्चेत आली. इफेड्रिन, स्यूडोइफेड्रिन, ॲसेटिक ॲनहायड्राइड यांसारखी द्रव्ये 1988 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात नियंत्रित म्हणून नोंदलेली आहेत. अशा मालाच्या निर्यातीपूर्वी निर्यातदार देशाने आयातदार देशाला ऑनलाइन पूर्वसूचना द्यायची आणि खरेदीदार खरा आहे का, माल त्याला खरोखर लागतो का, हे तिकडच्या अधिकाऱ्यांनी तपासून कळवायचे, अशी ही व्यवस्था आहे. ग्वाल्हेर येथील केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो ना-हरकत देण्यापूर्वी बहुधा त्याच उत्तराची वाट पाहत असतो. पोलिसी सहकार्याच्या साऱ्या प्रकारांत हा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण तो गुन्हा घडण्याआधी काम करतो. मात्र त्याचा भार प्रामाणिक लघुउद्योजकावर पडतो आणि उत्तराला मुदत नसल्यासारखे वागले जाते, ही आपली तक्रार रास्त आहे. खरेदीदाराकडून त्याच्या देशाचा आयात परवाना आधीच मागवून अर्जासोबत जोडला तर वेळ वाचू शकतो. आणि नेहमीपेक्षा जास्त भाव, रोखीचा आग्रह, मधल्याच एखाद्या देशात माल उतरवण्याची सूचना, असे काही दिसले तर ऑर्डर सोडून द्या. नंतर न्हावा शेवाला कंटेनर अडला, तर कागदोपत्री निर्यातदार म्हणून नाव आपलेच असेल.

प्रश्न : अनेक वर्षे आमच्या जवळच्या तळोजा कारागृहात असलेल्या अबू सालेमला जन्मठेप होऊनही 25 वर्षांनी सोडावे लागणार, हे कसे? (खारघर, नवी मुंबई)

उत्तर : कारण भारताने तसा शब्द दिला आहे. सप्टेंबर 2002 मध्ये तो लिस्बनमध्ये पकडला गेला. पोर्तुगालच्या कायद्यात फाशी नाही आणि 25 वर्षांहून अधिक कैदही नाही. तेव्हा यापेक्षा जास्त शिक्षा देणार नाही, अशी हमी भारत सरकारने दिल्यावरच नोव्हेंबर 2005 मध्ये त्याला आपल्या ताब्यात देण्यात आले. जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम ठेवली, पण 25 वर्षे पूर्ण झाल्यावर हमीनुसार त्याची सुटका करण्यास केंद्र सरकार बांधील असल्याचे सांगितले. 1993 च्या स्फोटांत आप्त गमावलेल्यांना हे कडू वाटेल. परंतु ती हमी नसती तर तो इथे आलाच नसता आणि त्याच्यावर एकही खटला चालला नसता. शिवाय आज हा शब्द मोडला, तर उद्या दुसऱ्या एखाद्या आरोपीसाठी आपण परदेशी न्यायालयात उभे राहू, तेव्हा त्याचा वकील सर्वप्रथम हेच प्रकरण पुढे करील.

प्रश्न : उलव्यातील माझी सदनिका एका परदेशी नागरिकाला भाड्याने द्यायची आहे. काही वेगळे नियम आहेत का? (सीवूड्स, नवी मुंबई)

उत्तर : आहेत. परदेशी व्यक्ती राहायला आल्यापासून 24 तासांच्या आत तिची माहिती इमिग्रेशन विभागाच्या पोर्टलवर भरणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. लोक तिला 'सी फॉर्म' म्हणून ओळखतात. पासपोर्ट आणि व्हिसा मूळ स्वरूपात पाहा, व्हिसाची मुदत करारनाम्याच्या मुदतीपेक्षा कमी नाही ना हे तपासा आणि दोन्हींच्या प्रती ठेवा. स्थानिक पोलिस ठाण्यात भाडेकरूची नोंद करणे हे याशिवायचे काम आहे. एक केले म्हणून दुसरे टळत नाही, आणि एजंटाने 'मी करतो' म्हटले तरी पोचपावती आपल्या नावाची मागून घ्या.